वाऱ्याचा रकाना

१२ ऑगस्ट १९३४
दिव्याचा खडक, हाँगकाँगपासून तीस मैल

गफूरभाई,

सलाम घ्यायचा तर घे, न्हाईतर पत्र चुलीत घाल. पण घालायच्या आधी वाच. दोन सालांत हे माझं सातवं पत्र. सहांना तू एक अक्षर पाठवलं न्हाईस. अब्बांना वाचता येत न्हाई. तवा तू त्यांना वाचून दावतोस, का पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तसंच फळीवर टाकतोस, हेही मला हितं कळायला मार्ग न्हाई.

मी बोट सोडली. दोन साल बोटीच्या पोटात कोळसा मारला, वर आभाळ आहे का न्हाई तेही विसरलो होतो. आता पाच म्हैने ह्या खडकावर आहे. खडक आपल्या बेडशाच्या लेण्यांपुढच्या अंगणापेक्षा मोठा न्हाई. वर दिवा, दिव्याखाली दोन खोल्या, बाजूला वायरलेसची खोली आणि पावसाच्या पाण्याची टाकी. टाकीत पाखरं मरून पडतात. ती जाळीनं काढायची आणि तेच पाणी प्यायचं. खडकावर पाखरांची घाण बोटबोट जाड. पयल्या दिवशी मी जेवलो न्हाई. आता जेवतो. माणसाला कशाचीबी सवय होते, ह्याचीच मला जास्त शिसारी येते.

माझं काम काचा पुसायचं, घासलेटाचे डबे वर न्यायचं, रंग द्यायचं. पण खडकाचं खरं काम वेगळं. ह्या समुद्रात तुफान होतं. साहेब लोक टायफून म्हणतात, म्हंजी आपलंच तुफान, नाकातनं बोललेलं. जात्यासारखा गरगर फिरणारा वारा, शंभर-दोनशे मैलांचा, आणि मधी त्याचं पोट. पोटाच्या वाटेत सापडली ती बोट संपली. लांबून ते कुणाला दिसत न्हाई. म्हणून सगळ्या बोटी आणि बेटांवरची ठाणी ठरल्या टायमाला पारा बघतात, वारा बघतात आणि वायरलेसनं हाँगकाँगच्या वेधशाळेला कळवतात. तितं नकाशावर एकेक ठिपका मांडतात. ह्या ठिपक्यावर वारा असा, त्या ठिपक्यावर तसा, म्हंजी पोट हितं. मग सगळ्यांना सांगतात, हिकडं फिरकू नका. एका ठिपक्यानं खोटं सांगितलं की पोट नकाशावर भलतीकडं सरकतं. हे मला लामनं कागदावर काढून दाखवलं. लाम आमचा वायरलेसवाला, चिनी माणूस. दिवसाला दहा शब्द बोलतो, त्यातले चार चहाबद्दल.

वारा-पारा बघून वहीत लिवायचं काम रुझार मास्तरचं. हा गोव्याकडचा, बार्देशातला. केसांना खोबरेल, त्यावर अत्तर, अक्षर मोत्यासारखं. फिडल झकास वाजवतो, म्हणून मकावच्या लग्नांत त्याला बोलावणं असतं. शनिवारी लाँच आली की फिडल काखेत मारून जातो, तो सोमवारी येतो. आणि जायच्या आधी शनिवार, रविवार, सोमवार, तिन्ही दिवसांचा वारा-पारा वहीत लिवून ठेवतो. लाम तेच आकडे टायमाला पाठवतो. मी इचारलं, "मास्तर, परवाचा वारा आज कसा कळला?" तर म्हणाला, "बाबा वाहिद, आभाळ काय कचेरीत येऊन साक्ष देतंय? बारा वर्सं हाय मी हितं. मला त्याची खोड पाठ हाय."

मला तुझी आठवण आली. राग येत असेल तर येऊ दे. तुझं काम लोणावळ्याच्या धरणाच्या कचेरीसाठी रोज सकाळी लोहगडवाडीला चढून पावसाचं भांडं मोजायचं, आणि तू बसायचास बेडशाला पडवीत. डोंगरावरचं पाणी किती जाड पडतंय ते बघून साडेतीन इंच, चार इंच लिवायचास. लोहगडवाडीच्या सरुबाईनं मला इचारलं, "तुजा भाऊ अकरा दिस दिसला न्हाई रं वर, बरा हाय न्हवं?" म्हणून मी धरणाच्या साहेबाला सांगितलं. मला वाटलं होतं तुला दोन शब्द बोलतील आणि सोडतील. काढून टाकतील असं वाटलं न्हवतं.

अब्बांनी माझ्या पुढ्यातली भाकरी उचलून म्हशीला घातली. मी निघालो. एवढ्या लांब आलो तर हितंबी घरात बसून आभाळ लिवणारा माणूस माझीच वाट बघत बसलेला.

मुमताजला भावाचा सलाम, आणि अब्बांनाबी.

वाहिद

२ सप्टेंबर १९३४

गफूरभाई,

हितं तुफान झालं, गेल्या सोमवारी, २७ तारखेला. मी धड आहे. दिव्याची एक काच फुटली, टाकीत खारं पाणी शिरलं, वायरलेसच्या खोलीचा पत्रा उडाला. लाँच शुक्रवारी आली, तवर आमी त्याच पाण्याची खारट पेज प्यालो.

तुफानात रुझार मास्तर खडकावर न्हवता. शनिवारी लग्नाला गेलता, सोमवारी समुद्र फुगला आणि लाँच निघालीच न्हाई. खडकावर मी आणि लाम दोघंच.

एक बोट बुडाली. तांदळाची, मनिलाला चाललेली. रविवारपासून ती एका बेटाच्या आडोशाला नांगर टाकून उभी होती. तशीच राहती तर वाचती. पण सोमवारी दुपारी आडोसा सोडून निघाली आणि सरळ पोटात शिरली. सतरा माणसं गेली, कप्तान धरून. का निघाली ह्याची चौकशी होणार म्हणतात. कुणीतरी वारा उलटा कळवला असं लाम म्हणतो. रुझार मास्तर असाच आहे, मी तुला लिवलंच होतं.

गुरुवारी एक मढं आमच्या खडकाच्या फटीत येऊन अडकलं. दंडाला ताईत होता, म्हणून आपल्यातला एवढंच कळलं. कोकणातला असेल, सिल्हेटचा बंगाली असेल. नाव सांगायला काय न्हवतं, आणि ओळखायला तोंडबी न्हवतं. खेकड्यांनी नाक आणि ओठ नेले होते. मी आणि लामनं दोरी लावून वर ओढलं. मी त्याला आंघोळ घातली, जनाज्याचं येत होतं तेवढं म्हटलं, एकट्यानंच उभं राहून. शुक्रवारी लाँचमधून त्याला नेलं. रुझार मास्तर त्याच लाँचनं आला. त्यानं नाकाला रुमाल लावला, आणि रुमालाला अत्तर होतं.

लोहगडाखालच्या ओढ्यात आपण खेकडे धरायचो, आठवतं? भाजून, मिरची लावून. आता खडकावर खेकडा दिसला की मी वाट बदलतो.

आणि एक इचारायचं होतं. सहज इचारतो. धरणाच्या वहीत पावसाच्या इंचाशेजारी वाऱ्याचा एक रकाना होता, सहा सालं मी तुझ्यासंगं भरलेला. त्यात आपण काय लिवायचो? वारा येतो ती दिशा, का जातो ती?

उत्तर टाक. ह्या एकाच पत्राला टाकलंस तरी चालेल.

वाहिद

९ सप्टेंबर १९३४

गफूरभाई,

मागच्या पत्रात मी तुला फसवलं. जे इचारलं त्याचं उत्तर मला तवाच ठाऊक होतं. आपण जातो ती दिशा लिवायचो. तूच शिकवलंस. "धूर कुणीकडं चाललाय बघ, तेच अक्षर लिव." पावसाळाभर वारा कोकणातनं वर चढून देशाकडं जायचा आणि आपण रकान्यात एन-ई लिवायचो, म्हंजी ईशान्य. कचेरीत कुणी कधी इचारलं न्हाई. त्यांना इंचाशी मतलब.

आपल्याकडं वाऱ्याला बैलगाडीसारखं बघतात, कुटं चालली ते इचारतात. दर्यावर वाऱ्याला पाहुण्यासारखं बघतात, कुणीकडनं आलास? ह्यांच्यात ईशान्येचा वारा म्हंजी ईशान्येकडनं आलेला. हे सगळ्या जगाला ठाऊक आहे म्हणतात. मी दोन साल बोटीत राहिलो, पण कोळशाच्या खोलीत वारा वरच्या भोंग्यातनं यायचा. त्याला कसली दिशा?

आता सगळं लिवतो.

त्या सोमवारी सकाळी वहीत रुझार मास्तरनं आधीच लिवून ठेवलेलं होतं. वारा ईशान्य, मंद, पारा ठीक. बाहेर खडक हालत होता. लाम तेच पाठवायला बसला. मी वही ओढून घेतली. म्हटलं, आज खरं जाईल. लाम म्हणाला, तुझं काम न्हाई. मी म्हटलं, ज्याचं काम आहे तो लग्नात फिडल वाजवतोय.

मी पारा बघितला. लय उतरला होता. तो मी बरोबर वाचला. मग छपरावर गेलो, पोटावर सरपटत, कठडा धरून. तितं खांबावर बाण आहे आणि खाली चार दिशांची अक्षरं. बाणाची शेपूट नैर्ऋत्येला. म्हंजी वारा चाललाय नैर्ऋत्येला. आपल्या हिशोबानं मी बरोबर बघितलं, भाई. तोंडावर पाण्याचे दगड बसत होते तरी दोनदा बघितलं. खाली येऊन मास्तरचं मोत्यासारखं एन-ई खोडलं आणि वर एस-डब्ल्यू लिवलं. तेवढा खूश मी ह्या खडकावर कधी झालो न्हवतो.

लामनं पाठवलं. थोड्या टायमानं हाँगकाँगहून उलटा निरोप आला. पारा आणि वारा जुळत न्हाई, परत बघा. लाम माझ्याकडं वळला. "यू शुअर?"

आणि मी, गफूरभाई, परत वर गेलोसुद्धा न्हाई. मला राग आला. मी म्हटलं, "मी घरात बसून लिवणारा न्हाई. लिव, खात्री आहे." लामनं तसं कळवलं.

हाँगकाँगवाल्यांनी आपला इशारा काय बदलला न्हाई, त्यांना आमचा ठिपका पटला नसावा. पण त्या तांदळाच्या बोटीचा कप्तान बेटाआड अडकलेला. डोंगराच्या आडोशाला वारा चहूकडनं वळतो, त्याला खरा वारा कळेना. त्यानं वायरलेसनं आमालाच इचारलं, तुमच्याकडं वारा कुठला? लामनं मी दिलेला दिला. वारा नैर्ऋत्येचा असेल तर तुफान आमच्या वायव्येला जमिनीवर गेलं, आणि मनिलाची वाट मोकळी झाली, असा त्याचा अर्थ होतो. कप्ताननं नांगर उचलला. तुफान होतं आग्नेयेला, मनिलाच्याच वाटेवर.

शुक्रवारी रुझार मास्तरनं वही उघडली. मला वर नेलं आणि बाण दाखवला. म्हणाला, "तोंड बघतात याचं, शेपूट न्हाई. गाढव पण तोंडाकडनं ओळखतात."

त्यानं लग्नाला जायच्या आधी घरात बसून लिवलेला वारा खरा होता. मी छपरावर चढून बघून लिवलेला खोटा. मी वहीला हात लावला नसता तर लामनं ईशान्य पाठवलं असतं आणि सतरा माणसं आज मनिलात जेवत असती.

पुढचंबी सांगतो. मास्तरनं ते पान फाडलं. नवं पान लिवलं, एन-ई, पारा उतरलेला, खाली सही, २७ ऑगस्ट. म्हणाला, "मी इथंच होतो. लाँचवाला माझा माणूस हाय. तू काय बघितलं न्हाईस, मी काय बघितलं न्हाई." मी समोर उभा होतो. त्याच्या बोटाला शाई लागली ती त्यानं केसांना पुसली. मी काय बोललो न्हाई.

वाहिद

२७ सप्टेंबर १९३४

गफूरभाई,

तुझं कार्ड आलं. माझ्या ऑगस्टातल्या पत्राचं उत्तर आहे, म्हंजी पुढचं तुला आजून कळलेलं न्हाई. एवढे दिवस वाट बघितली आणि आलं ते असं. तुला परत लिवून दावतो, म्हंजी तुझं तुला ऐकू येईल:

"वाहिद, सात पत्रं पोचली. सातही अब्बांना वाचून दावली. ते ऐकतात आणि उठून जातात. मी आंबीला मामाच्या वखारीत लाकडं फोडतो. मुमताजचं लग्न माघात आहे. तुझ्या मास्तरचं वाचलं. त्याचं नाव साहेबाला सांगितलंस का न्हाई आजून? सांगून टाक. तुझा हात बसलाय. गफूर."

मी ते कार्ड तीनदा वाचलं. पयल्यांदा तुझा राग आला. मग वाटलं, घरी असतो तर मी तुझ्यासमोर उभा राहिलो असतो आणि तू एक ठेवून दिली असतीस. ते बरं होतं.

मीबी एक सांगून टाकतो. तुला काढून टाकतील हे मला ठाऊक होतं. पयल्या पत्रात न्हाई म्हणून लिवलं, ते खोटं. धरणाच्या साहेबाच्या बंगल्याबाहेर मी अर्धा तास उभा होतो आणि आत गेलो तर काय होईल ते मला सगळं दिसत होतं. तरी गेलो. तुला सगळी वाडी मास्तर म्हणायची. मला गफूरचा धाकटा म्हणायची. त्यात खरेपणा किती आणि ते किती, हे मला आता सांगता यायचं न्हाई.

आता हितलं ऐक. चौकशी लागली. हाँगकाँगला वही गेली, तीत ईशान्य लिवलेलं. लामची पाठवल्याची वही गेली, तीत नैर्ऋत्य. म्हंजी वारा बघणाऱ्यानं बरोबर बघितला, पाठवणाऱ्यानं भलतं पाठवलं. लामच्या माथी सतरा माणसं. तो म्हणाला, मला वाहिदनं दिलं. मास्तर म्हणाला, दिवे पुसणारा गडी वहीला हात लावत न्हाई, लावला तर मी तोडीन. साहेबांनी मास्तरचं अक्षर बघितलं आणि मान डोलवली. अक्षर फार चांगलं आहे त्याचं.

लामची नोकरी तर जाईलच, वर तुरुंगबी होईल म्हणतात. त्याची बायको आहे, म्हातारी आई आहे. नऊ तारखेला शेवटची सुनावणी. तो माझ्याशी बोलत न्हाई. रोज सकाळी चहा करतो, पयल्यासारखा दोन कप. माझा कप माझ्यापुढं ठेवतो आणि वायरलेसच्या खोलीत जातो. शिव्या दिल्या असत्या तर पिता आला असता.

मास्तर माझ्याशी गोड झालाय. म्हणतो, ह्या चिन्याच्या जागी दुसरा येईल, आणि मी तुझं नाव लावतो, माझ्या हाताखाली वारा-पारा बघायला. तुला तोंड आणि शेपूट शिकवतो. काल मला फिडल वाजवून दाखवलं. आणि जाता जाता म्हणाला, "बोललास तर सतरा खून तुझ्या नावावर. माझी नुसती रजा लिवायची राहिली. तू कुठला मालक वाऱ्याचा?"

तो खोटं बोलत न्हाई. तेच तर घाणेरडं आहे. मी बोललो तर मी संपलो. न बोललो तर लाम संपला आणि मला खुर्ची मिळाली. तुझ्या वेळेला मी खरं सांगितलं तर माझं काय जात न्हवतं. तुझं जात होतं. खरं सांगायला तवा लय सोपं गेलं. आता त्याच तोंडाला कुलूप लागलंय.

ह्या पत्राचं उत्तर नऊ तारखेच्या आधी यायचं न्हाई, हे मला कळतं. तरी इचारतो. भाई, चुगली कुठली आणि साक्ष कुठली, हे तू कसं ओळखलं असतंस?

वाहिद

१४ ऑक्टोबर १९३४
हाँगकाँग, खलाश्यांची खानावळ

गफूरभाई,

मी बोललो.

मला कुणी बोलावलं न्हवतं. लाँचवर डब्यांसंगं बसून आलो आणि कचेरीच्या दाराशी उभा राहिलो. शिपाई आत सोडेना. लाम आत जाताना त्यानं मला बघितलं, आणि आत जाऊन साहेबाला काहीतरी बोलला. मग मला घेतलं.

तीन साहेब. मधी एक पंजाबी पोलीस, हिंदुस्थानीतनं इंग्रजीत सांगायला. भिंतीशी रुझार मास्तर, टाय लावून. माझ्या अंगावर घासलेटाचा वास, तो मलाच येत होता.

पोलिसानं इचारलं, "काम काय करतोस?"

"काचा पुसतो."

"मग हितं कशाला आलास?"

"त्या दिवशी वारा मी बघितला. मास्तर मकावला होता. लामला एस-डब्ल्यू मी दिलं. त्यानं दिलं तसंच पाठवलं. आधीचं पान फाडलंय."

पोलिसानं ते इंग्रजीत सांगितलं. मास्तर हसला. म्हणाला, ह्या माणसाला वाचता येत न्हाई. तेवढं खोटं त्यानं बोलायला नको होतं. साहेबानं लगेच माझ्यापुढं कोरा कागद टाकला. मी आठही दिशांची अक्षरं लिवून दाखवली, धरणाच्या फॉर्मावर लिवायचो तशी. मग मधल्या साहेबानं टेबलावर पेन्सिल ठेवली, टोक खिडकीकडं. म्हणाला, हा बाण आहे, खिडकी ईशान्येला धर. वारा कुठला?

आता मला खरं उत्तर ठाऊक होतं. पण मी त्या दिवशीचं दिलं. "नैर्ऋत्य. शेपूट तिकडं आहे, वारा तिकडं चाललाय."

एक साहेब हसला. मग दुसऱ्यानं बोटीचे कागद उचलले, त्यातलं सतरा नावांचं पान बाहेर काढलं आणि माझ्या पेन्सिलीशेजारी ठेवलं. मग कुणी हसलं न्हाई. लाम खाली बघत होता.

मधल्या साहेबानं टोपी बाजूला सरकवली आणि हळू काहीतरी इचारलं. पोलीस मला म्हणाला, "साहेब पुसतात, असला वारा वाचायला तुला शिकवलं कुणी?"

मी तवर जे बोललो ते सगळं खरं होतं. खडकावरनं निघताना मी ठरवलं होतं की आज एकबी अक्षर खोटं जाणार न्हाई. आणि कारण सांगायला सोपं होतं. माझ्या मागं कचेरी होती, फॉर्म होता, सहा सालं होती. तुझं नाव घेतलं असतं तर अर्धं ओझं बेडशाला उतरलं असतं. साहेब ते लिवून घ्यायला टाक शाईत बुडवून बसलाच होता.

मी म्हटलं, "कुणी न्हाई. माझं मीच."

पोलिसानं परत इचारलं. मी परत तेच सांगितलं. साहेबानं लिवलं. मी खाली सही केली. सतरा माणसांच्या कागदावर माझी सही आहे आणि त्यात एक खोटं आहे. बाकी सगळ्या गोष्टींची मला किळस येते, त्याची येत न्हाई. कसं ते मला कळत न्हाई आणि तू सांगूबी नकोस.

लाम सुटला. त्याला ताकीद दिली, बघणाऱ्याची सही नसलेला वारा पुन्हा पाठवायचा न्हाई. बाहेर आल्यावर मी त्याच्यापुढं गेलो. वाटलं, एखादा शब्द बोलेल. तो म्हणाला, "फाईव्ह वीक्स." पाच आठवडे. एवढे दिवस मी गप्प होतो ते. आणि गेला.

रुझार मास्तरला काढलं. पायऱ्यांवर मला गाठून म्हणाला, "तुझ्या बापानं भाकरी म्हशीला घातली ती अक्कलवान म्हस." एकदा जेवताना मीच त्याला ते सांगितलं होतं. आपल्या घरातलं असल्या माणसाला सांगितलं, ह्याचीबी आता लाज वाटते. मग त्यानं फिडलची पेटी दुसऱ्या हातात घेतली आणि गर्दीत गेला. बारा सालं खोटं लिवलं त्याची त्याला काढून टाकण्यापलीकडं शिक्षा न्हाई. त्याच्या बारा सालांच्या वह्यांवरनं किती तुफानं नकाशावर चढली, ते कुणी मोजणार न्हाई.

मला तुरुंग न्हाई. माझं ते कामच न्हवतं, म्हणून ते माझ्या कामातली चूक ठरत न्हाई, असं काहीतरी पोलिसानं समजावलं. खडक सुटला. उद्या रंगूनच्या बोटीवर कोळशात जातो. घरी येत न्हाई. मुमताजच्या लग्नात लोकांनी मला बघून तुझ्याकडं बघायचं, हे नको.

आता एक काम. धरणाच्या त्या वह्या लोणावळ्याच्या कचेरीत आजून असतील. सहा सालांच्या. इंच तू पडवीत बसून लिवलेस, ते फार तर थोडेफार चुकले असतील. तुझी नजर बरी होती. पण वारा आपण रोज बाहेर उभं राहून, धूर बघून, इमानानं लिवला, आणि तो सगळा उलटा आहे. पयल्यापासून शेवटपर्यंत. कधीतरी कुणीतरी त्या वह्या उघडून त्यावरनं काहीतरी काढील. धरणाचं काढील, पावसाचं काढील. मला काय ठाऊक.

आंबीहून लोणावळ्याला जायला तुला एक दिवस मोडावा लागेल. जाऊन सांगितलंस तर तुझी चूक तुझ्या तोंडानं सांगावी लागेल, आणि त्या कचेरीच्या पायऱ्या तुला परत चढाव्या लागतील. न्हाई सांगितलंस तर हितल्या कागदावर तुझं नाव न्हाई, कुणी इचारायला यायचं न्हाई.

काय ते तूच ठरव. ह्या खेपेला मी सांगणार न्हाई.

वाहिद